डॉ. कमल रणदिवे : कर्करोग का होतो, हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञ



आमच्या कोरेगाव भागात मिश्री हा काही नवा विषय नाही. तंबाखूमुक्त शाळेची शपथ झाली की वर्गातलं एखादं मूल विचारतंच, की आमची आजी रोज मिश्री लावते, मग तिला का काही होत नाही? या प्रश्नाला उत्तर देताना मला एका शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट फार उपयोगी पडते.

बालपण व शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. कमल हुजूरपागा शाळेत व पुढे फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी झाला. लग्नानंतर शिक्षण थांबलं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. पेशीशी त्यांची गट्टी जमली ती इथेच.

पेशी वाढवायची प्रयोगशाळा

पुढे मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं व १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. तोंडाचा कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध शोधणारे हेच ते खानोलकर. नंतर कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत पेशी कशा जिवंत ठेवायच्या हे तिथं शिकून त्या परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

आजीला का होत नाही?

उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरकं आणि विषाणू या सगळ्यांचा एकत्र परिणाम होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे सगळ्यांचं शरीर सारखं नसतं. एकाला लवकर होतो, दुसऱ्याला उशिरा, तिसऱ्याला होतही नाही.

पण बाहेरून पोटात-तोंडात जाणाऱ्या पदार्थांचं काय? खाद्यतेलातील दूषित घटक कर्करोग घडवू शकतात का, याचा शोध त्यांच्या गटानं घेतला. १९७६ मध्ये सुपारी आणि तंबाखूवरील त्यांचे प्राण्यांवरचे प्रयोग आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले. आपल्या घरातल्या डब्या-पुड्यांतले पदार्थच त्यांनी प्रयोगशाळेत नेले होते!

आज आपण हे मुलांना असं सांगू शकतो. प्रत्येक पेशीत डीएनए नावाची सूचनांची वही असते. तंबाखूतली काही रसायनं त्या वहीच्या पानांना चिकटतात आणि अक्षरं बिघडवतात. पेशी बऱ्याच चुका स्वतःच खोडून दुरुस्त करते. पण रोज नवी चूक झाली, तर एखादी राहून जाते. पेशी दुभंगताना तीच चूक नव्या पेशीत उतरते. वाढ थांबव, ही सूचनाच पुसली गेली की गाठ तयार होते. याला वीस-तीस वर्षंसुद्धा लागतात. म्हणून आजीला आज काही झालं नाही, याचा अर्थ मिश्री चांगली असा नाही.

सामाजिक काम

कुष्ठरोगावरही त्यांनी संशोधन केलं. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह, पाळणाघर अशी कामं या संस्थेनं वाशीत केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम त्यांनी केलं. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

शेवटी थोडं मनातलं

लहानपणी माझ्या आजीसाठी तव्यावर तंबाखू मीच भाजायची. ठसका लागायचा, पण आजी शाबासकी द्यायची. आपण काही चुकीचं करतोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिलाही नाही. त्यामुळे वर्गातल्या मुलांच्या आजीला मी नावं ठेवत नाही. मुलांना एवढंच सांगते, की आजीला प्रेमानं विचारा, सोडता येईल का. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर दवाखान्यात न्यायला घरच्यांना सांगा.

आणि पालकहो, एक विनंती. पुडी आणायला मुलांना दुकानात पाठवू नका. आनुवंशिकता आपल्या हातात नाही, पण ही पुडी आहे.

८ नोव्हेंबरला परिपाठात डॉ. कमल रणदिवे यांची गोष्ट जरूर सांगा.