तीन बोटांचे ब्राऊन

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा एक खेळ आहे. आमच्या विटीदांडूचा व क्रिकेटचा तो दूरचा सोयरा म्हणावा. एकानें चेंडू टाकावा, दुसऱ्यानें तो लाकडी दांडक्यानें टोलवावा. मात्र चेंडू टप्पा न घेतां यावा लागतो, म्हणून त्यास हवेंतच वळविण्याची विद्या टाकणाऱ्याच्या बोटांत असावी लागते. ह्या टाकणाऱ्यास तिकडे पिचर म्हणतात. ज्यांच्या उजव्या हातास धड बोटेंच नव्हतीं अशा एका पिचरची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

मॉर्डेकाय पीटर सेन्टेनियल ब्राऊन यांचा जन्म ता. १९ आक्टोबर १८७६ रोजीं इंडियाना संस्थानांतील नायझव्हिल ह्या खेड्यांत झाला. मॉर्डेकाय म्हणजे एस्तेरच्या पुस्तकांतला मर्दखय. त्या वर्षीं अमेरिकेच्या स्वातंत्र्यास शंभर वर्षें भरलीं, म्हणून शताब्दीवाचक तिसरें नांव जोडलें गेलें. ब्राऊन अगदीं लहान असतांना कडब्याची कुट्टी करण्याच्या यंत्रांत त्यांचा उजवा हात सांपडला. तर्जनी तुटली, बाकीचीं बोटेंही दुखावलीं. हात बरा होत आहे तोंच मूल पडलें व राहिलेलीं बोटें मोडलीं. तीं वांकडींच जुळलीं. करंगळींत तर जीवच उरला नाहीं. (असलीं यंत्रें आतां आमच्या खेड्यांतही आहेत, आणि त्यांजवळ मुलें खेळतांना आम्ही पाहतों.)

मोठेपणीं ब्राऊन कोळशाच्या खाणींत कामास लागले व खाणकामगारांच्या संघांतून खेळूं लागले. तेथें चेंडू टाकण्याचें काम त्यांचें नव्हतेंच. १८९८ सालीं एके दिवशीं संघाचा पिचर आला नाहीं, म्हणून चेंडू ह्यांच्या हातीं आला. तुटक्या बोटाच्या खुंटावरून व वांकड्या बोटावरून सुटलेला तो चेंडू असा कांहीं फिरे कीं, मारणाऱ्याजवळ येतांच एकाएकीं खालीं पडे. धडधाकट हाताच्या माणसास तें साधेना. १९०१ सालीं टेरे होट शहराच्या संघानें त्यांस पगारी घेतलें; १९०३ त सेंट लुइस, व १९०४ पासून शिकागो कब्ज.

१९०६ सालीं ब्राऊन यांनीं २६ सामने जिंकले व अवघे ६ गमावले. त्या वर्षीं शिकागोनें ११६ विजय मिळविले, तरी अखेरच्या जागतिक मालिकेंत त्याच शहरांतील दुसऱ्या संघानें त्यांस हरविलें, आणि निर्णायक दिवशीं मार खाल्ला तो ब्राऊन यांनींच. पुढच्या वर्षीं मात्र ती मालिका शिकागोनें जिंकली.

१९०८ च्या हंगामाअखेर शिकागो व न्यूयॉर्क यांचे विजय समसमान झाले, आणि ता. ८ आक्टोबर रोजीं न्यूयॉर्क येथें एकाच सामन्यावर सारें येऊन ठेपलें. न्यूयॉर्कचा पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन, त्या काळचा सर्वांत नांवाजलेला. तूं चेंडू टाकून जिंकलास तर जीव घेऊं, अशीं पत्रें आपणांस आलीं होतीं, असें ब्राऊन पुढें सांगत. आरंभीं त्यांस खेळविलें नव्हतें. परंतु पहिल्याच डावांत शिकागोच्या पिचरनें एक धांव दिली व आणखी दोन गडी तळांवर येऊं दिले, तेव्हां ब्राऊन यांस बोलावणें झालें. शिव्याशाप देणाऱ्या दाट गर्दींतून वाट काढीत ते पुढें आले व समोरच्या गड्यास त्यांनीं बाद केलें. त्यानंतर शेवटपर्यंत न्यूयॉर्कला एकच धांव मिळाली. शिकागोनें ४ विरुद्ध २ असा सामना जिंकला. विजयी संघास पोलिसांच्या पहाऱ्यांत बाहेर न्यावें लागलें! त्या वर्षींही जागतिक मालिका शिकागोचीच झाली. त्यानंतर ती त्या संघास पुनः मिळाली ती २०१६ सालीं.

१९१२ त गुडघा दुखावल्यावर उतार लागला. ता. ४ सप्टेंबर १९१६ रोजीं ब्राऊन व मॅथ्यूसन हे जुने प्रतिस्पर्धी मुद्दाम एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दोघेही थकलेले, दोघांनींही मार खाल्ला, मॅथ्यूसनचा संघ १० विरुद्ध ८ असा जिंकला. मोठ्या संघांतून दोघांचाही तो शेवटचा सामना. ब्राऊन यांचे एकंदर विजय २३९ भरले.

१९२० पासून १९४५ पर्यंत त्यांनीं टेरे होट येथें पेट्रोल पंप चालविला. पेट्रोल घ्यावयास आलेले लोक जुन्या सामन्यांच्या गोष्टी ऐकत. असल्या हातानें अडचण होत नसे काय, असें कोणी विचारिलें, तर धड हातानें आपण कधीं टाकून पाहिलें नाहीं, तेव्हां सांगतां येत नाहीं, असें ते म्हणत. आम्हांस हें उत्तर फार आवडतें.

ता. १४ फेब्रुवारी १९४८ रोजीं ते वारले. कूपरस्टाऊन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यांचें नांव १९४९ सालीं घेण्यांत आलें.