आर्नोकाठचा ‘इंडियानो’

फ्लोरेन्सच्या पश्चिमेकडून शहरात शिरणाऱ्या वाहनचालकाला रस्त्यावरच्या फलकावर एका पुलाचे नाव दिसते : ‘पोंते आल्’इंडियानो’, म्हणजे ‘त्या भारतीयापाशी असलेला पूल’. १९७८ साली पूर्ण झालेल्या या झुलत्या तारांच्या पुलावरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो भारतीय कोण हे ठाऊक असेल. पुलाखाली, काशीने उद्यानाच्या टोकाला, चार खांबांवरच्या घुमटीखाली त्याचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. डोक्याला पगडी, गळ्यात अलंकार, चेहरा अगदी कोवळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

कोल्हापुरात राजाराम महाराज म्हटले की बहुतेकांना राजर्षी शाहूंचे पुत्र आठवतात. हे त्यांच्या आधीचे. पाटणकर घराण्यात १८५० साली जन्मलेल्या या मुलाला छत्रपती शिवाजी ऊर्फ बाबासाहेब महाराजांनी दत्तक घेतले आणि १८६६ साली, सोळाव्या वर्षी, तो गादीवर बसला. त्या गादीला तेव्हा सत्तावनची धग लागून फार काळ लोटला नव्हता. बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना उठावाशी संबंध असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवले होते. तेथेच १८६९ साली त्यांचा अंत झाला. एक राजपुरुष बंदी म्हणून दूर नेला गेला आणि तिथेच संपला. त्याच्या पुढच्याच वर्षी घराण्यातला दुसरा सन्मानाने विलायतेला निघाला. या दोन प्रवासांत जे अंतर दिसते, ते मला तरी वरवरचेच वाटते. वाट ठरवणारे हात दोन्ही वेळा एकच होते.

राजाराम महाराजांना जमशेटजी नवरोजी उनवाला या पारशी शिक्षकांनी इंग्रजी शिकवले. ते इतके उत्तम आले की प्रवासाची रोजनिशी महाराजांनी इंग्रजीतच ठेवली. १८७०च्या उन्हाळ्यात ते कारभारी, सेवक आणि कॅप्टन एडवर्ड वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यासह लंडनला पोहोचले. राज्यावर असताना समुद्र ओलांडणाऱ्या अगदी पहिल्या हिंदू राजांपैकी ते एक. त्यांनी महाराणी व्हिक्टोरियांची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, स्कॉटलंड आणि आयर्लंडचा दौरा केला. ही रोजनिशी वेस्ट यांनीच संपादित करून १८७२ साली प्रसिद्ध केली. कुठे गेलो, काय पाहिले, कोण भेटले, अशा तिच्यातल्या नोंदी नेटक्या आणि संयत आहेत. मनातले फारसे हाती लागत नाही. वीस वर्षांचा राजा, सोबत देखरेखीला साहेब. त्याने मोकळेपणाने लिहावे तरी किती?

परतीच्या वेळी युरोपात युद्ध पेटले होते. प्रशियाच्या सैन्याने सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा घातला होता. फ्रान्समधून जाण्याची सोय नव्हती, म्हणून मंडळी बेल्जियम आणि जर्मनीमार्गे, आल्प्स ओलांडून इटलीत उतरली. वाटेत महाराजांची प्रकृती ढासळत गेली. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तेथील एका हॉटेलात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. एकविसावे वर्ष चालू होते.

आता प्रश्न होता तो अंत्यसंस्काराचा. परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी असा प्रसंग कधी ना कधी जवळून पाहिला आहे. कागदपत्रे, वकिलातीचे दूरध्वनी, विमानाची वाट पाहणे. येथे तर विमानही नव्हते आणि दहनाची रीतही नव्हती. कवी शेलीचे दहन १८२२ साली याच तोस्काना प्रांताच्या किनाऱ्यावर झाले होते खरे, पण तो अपवादच होता. इटलीतले आधुनिक पद्धतीचे पहिले दहन मिलानमध्ये झाले, तेही १८७६ साली. बरोबरच्या मंडळींनी मात्र आग्रह सोडला नाही. देहाला अग्नी द्यायचा आणि तोही संगमावर. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पंचगंगेच्या उगमाशी प्रयाग चिखलीचा संगम त्याच्या मनात असतोच. शेवटी इंग्रज वकिलातीच्या मध्यस्थीने परवानगी मिळाली. मुन्योने ही छोटी नदी काशीनेच्या टोकाला आर्नोला मिळते, ती जागा ठरली. उद्यानाच्या नावात काशीचा भास होतो, पण तो निव्वळ योगायोग. मूळ शब्द गाईगुरांच्या गोठ्यांचा आहे. मध्यरात्रीनंतर चिता पेटली. थंडीतही शहरातले बघे जमले होते.

१८७४ साली तेथे स्मारक उभे राहिले. पुतळा घडवला चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने. घुमटीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास ज्यांच्या कल्पनेतून उतरला तेच हे. पंचगंगा घाटावरच्या छत्र्या पाहिलेल्या डोळ्यांना ही घुमटी थोडी परकी वाटते, थोडी ओळखीची. चौथऱ्यावर एकाहून अधिक भाषांत लेख कोरले आहेत. तरीही फ्लोरेन्सकरांनी त्यांना नाव दिले ते फक्त ‘इंडियानो’. पूल, रस्ता, उद्यानाचा तो कोपरा, सारे त्याच नावाने ओळखले जाते.

इकडे कोल्हापुरात गादीवर पुन्हा दत्तक बालक आला. त्या चौथ्या शिवाजी महाराजांची कहाणी याहून करुण आहे. १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या नजरकैदेत त्यांचा अंत झाला. पुढच्या वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले ते शाहू महाराज. राजाराम महाराजांचे नाव १८८० साली सुरू झालेल्या राजाराम कॉलेजला मिळाले, आणि तिथे शिकून गेलेल्यांची गणती करणे कठीण.

फ्लोरेन्सला जाणारे मराठी पर्यटक बहुधा उफिझी आणि मायकेलँजेलोचा डेव्हिड पाहून रोमची गाडी पकडतात. काशीने उद्यानाच्या शहराकडच्या दारापासून आर्नोच्या उजव्या काठाने पश्चिमेला चालत गेले, तर तीनएक किलोमीटरवर पुलाच्या तारा दिसू लागतात. स्मारक त्याच्या अलीकडेच, झाडांमध्ये आहे.