राधानगरीचं वीजगृह: शाहू महाराजांच्या अर्धवट राहिलेल्या भिंतीने काय दिलं?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या फोनवर हा मेसेज येतोच: राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि वीजगृहातून किती पाणी सोडलं. सातही दरवाजे बंद असले तरी वीजगृहाचा आकडा असतो, बहुतेकदा १५०० क्युसेकच्या आसपास. म्हणजे सेकंदाला साधारण ४२ हजार लिटर. हे धरण बांधायला घेतलं राजर्षी शाहू महाराजांनी. त्यावरची वीज मात्र त्यांना पाहायला मिळाली नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते दत्तक गेले, १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यांचं आयुष्य विजेच्या सुरुवातीच्या काळाशी जवळपास जुळतं. ते आठ वर्षांचे असताना एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र सुरू केलं. १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोचली. १९०२ मध्ये तर शेजारच्या म्हैसूर संस्थानाने कावेरीच्या पाण्यावर तयार केलेली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली.

मग कोल्हापूर मागे का?

कारण इथला पहिला प्रश्न दिव्यांचा नव्हता, पाण्याचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ महाराजांनी कारभाराच्या पहिल्या सहा वर्षांत पाहिले. घाटमाथ्यावर धो धो पाऊस, पण पाणी चार महिन्यांत वाहून जायचं. १९०२ हे वर्ष आपण ५० टक्के आरक्षणाच्या आदेशामुळे लक्षात ठेवतो. ते इंग्लंडला गेले तेही त्याच वर्षी आणि संस्थानाचं पाटबंधारे धोरणही त्याच वर्षीचं.

पुढे काही वर्षांतच दाजीपूरच्या जंगलाखाली, फेजिवड्याजवळ भोगावतीवर भिंत उभी राहू लागली. गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव. एका लहान संस्थानाने स्वतःच्या तिजोरीतून इतकं मोठं काम काढणं हे धाडसच होतं. पहिलं महायुद्ध आलं, पैसा आटला. १९१८ च्या सुमारास भिंत ४० फुटांच्या आसपास थांबली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं, तेव्हा ते फक्त ४७ वर्षांचे होते.

अर्ध्या भिंतीवर वीज का नाही?

जलविद्युतचं गणित सोपं आहे: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. तेवढंच पाणी दुप्पट उंचीवरून सोडलं की वीजही जवळपास दुप्पट. बुटक्या भिंतीमागे शेतीपुरतं पाणी साठतं, पण टर्बाइन दमदारपणे फिरवायला उंची लागते. ती मिळाली संस्थान विलीन झाल्यावर, पन्नासच्या दशकात. आज धरणात ८.३६ टीएमसी पाणी मावतं. मूळ वीजगृह ४.८ मेगावॅटचं. कोयनेच्या १९६० मेगावॅटपुढे हे किरकोळच.

पण तुलना इथे संपत नाही. कोयनेचं वीजनिर्मितीचं पाणी बोगद्यातून कोकणात उतरतं आणि समुद्राला मिळतं. खोपोलीला टाटांनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या वीजकेंद्रातही घाटावरचं पाणी पश्चिमेला जातं. तिथे विजेची ताकद खूप, कारण उंची प्रचंड. राधानगरीत टर्बाइन फिरवलेलं पाणी पुन्हा भोगावतीतच येतं. टर्बाइन पाणी संपवत नाही, फक्त त्याचा जोर घेतं. तेच पाणी पुढे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं, तिथून मोटारीने उपसून उसाला जातं. इंजिनीअरिंगच्या पुस्तकात मेगावॅटचे आकडे असतात, हा दुसरा हिशोब नसतो. दुष्काळात कारभार शिकलेल्या राजाला मात्र तोच आधी मांडावा लागला होता.

म्हणून उन्हाळ्यात, दरवाज्यांची बातमी नसते तेव्हाही, वीजगृहातून पाणी सुटलं की नदीकाठच्या गावांत मोटारी सुरू करायची तयारी होते.