जागा बदलत गेलेला जॅकी

संगणकावर बेसबॉलचा संघ चालविणाऱ्या हौशी व्यवस्थापकाला क्षेत्ररक्षणाच्या जागा ठरविणे हा आकड्यांचा हिशेब वाटतो. कोणाची फेक लांब, कोणाचे पाय चपळ, हे पाहून नऊ जणांना नऊ जागा वाटून द्यायच्या. जॅकी रॉबिन्सनच्या बाबतीत मात्र या हिशेबाला अमेरिकेतील वर्णभेदाचा काटेरी संदर्भ होता.

जॉर्जिया राज्यातील कैरो गावी ३१ जानेवारी १९१९ रोजी त्याचा जन्म झाला. वडील घर सोडून गेले. आई मॅली पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे आली आणि घरकाम करून तिने त्यांना वाढविले. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात जॅकीने चार खेळ गाजविले. सैन्यात असताना १९४४ मध्ये बसमध्ये मागे बसण्यास नकार दिल्यावरून त्याच्यावर लष्करी खटला चालला. त्यातून तो निर्दोष सुटला.

कृष्णवर्णीयांच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात १९४५ मध्ये तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर खेळे. ब्रुकलिन डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी त्याला करारबद्ध केले आणि १९४६ मध्ये मॉन्ट्रियलच्या संघात तो दुसऱ्या बेसवर उभा राहिला.

ब्रुकलिनमध्ये या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. शॉर्टस्टॉपला पी वी रीस, दुसऱ्या बेसवर एडी स्टँकी. त्यामुळे १५ एप्रिल १९४७ रोजी आधुनिक मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला, तो अपरिचित अशा पहिल्या बेसवर. या जागेवर लांब फेकीची गरज कमी असते. सहकाऱ्यांनी फेकलेला चेंडू बेसवर पाय ठेवून झेलावा लागतो. त्याच्यासोबत खेळण्यास काही सहकाऱ्यांचाच विरोध होता. आता फलंदाजाला बाद करायचे तर त्यांना चेंडू त्याच्याच हाती द्यावा लागणार होता. शिवाय प्रतिस्पर्धी धावपटू खिळ्यांच्या बुटांनिशी त्याच बेसवर धावून येत. अपमानाला प्रत्युत्तर द्यायचे नाही, ही रिकी यांची अट होती. ती पाळून त्याने त्या मोसमात १५१ सामने पहिल्या बेसवर काढले आणि सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळविला.

स्टँकी १९४८ मध्ये बोस्टनकडे गेला आणि रॉबिन्सनला दुसरा बेस मिळाला. पुढच्याच वर्षी ०.३४२ ची सरासरी आणि ३७ बेसचोऱ्या यांच्या बळावर तो लीगमधील सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. जिम गिलियम हा तरुण १९५३ मध्ये दुसऱ्या बेसवर आला, तेव्हा चौतिशीतला रॉबिन्सन डावे क्षेत्र आणि तिसरा बेस सांभाळू लागला. गिलियमही कृष्णवर्णीय होता. सहा वर्षांपूर्वी असा बदल कोणाच्या कल्पनेतही आला नसता.

ब्रुकलिनने १९५५ मध्ये जागतिक मालिका जिंकली. १९५६ च्या मोसमानंतर रॉबिन्सन निवृत्त झाला आणि १९६२ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली.

मधुमेहाने शरीर खचले होते, दृष्टी अधू झाली होती. तशा अवस्थेत १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत झालेल्या सत्काराच्या वेळी, संघ चालविणारा कृष्णवर्णीय व्यवस्थापक पाहण्याची इच्छा त्याने जाहीरपणे व्यक्त केली. नऊ दिवसांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. फ्रँक रॉबिन्सन याने १९७५ मध्ये क्लीव्हलँड संघाची सूत्रे हाती घेतली. कोणी कुठे उभे राहायचे हे ठरविण्याचा अधिकार मेजर लीगमध्ये प्रथमच कृष्णवर्णीय व्यवस्थापकाकडे आला होता.