दर्यावर्दी धर्मोपदेशक जॉन न्यूटन

न्यूटन हें नांव कानीं पडतांच विद्यार्थ्यांना गुरुत्वाकर्षणाचा शोध लावणाऱ्या महान् शास्त्रज्ञाची आठवण होते. परंतु प्रस्तुत चरित्र त्याच आडनांवाच्या दुसऱ्या एका पुरुषाचें आहे. ख्रिस्तमंदिरांतून आजहि गाइल्या जाणाऱ्या 'अमेझिंग ग्रेस' या इंग्रजी गीताचा कर्ता जॉन न्यूटन याचा जन्म ता. २४ जुलै १७२५ रोजीं लंडन शहरीं झाला. बाप व्यापारी जहाजावरील कप्तान होता. आई मोठी भाविक होती. तिनें मुलाला लहानपणींच पवित्र शास्त्राचे पाठ दिले. पण तो सात वर्षांचा होण्यापूर्वींच ती क्षयरोगानें वारली, आणि अकराव्या वर्षीं जॉन बापाबरोबर दर्यावर गेला.

तारुण्यांत तो उच्छृंखल व नास्तिक बनला. इ. स. १७४४ मध्यें त्याला जबरदस्तीनें आरमारांत भरती करण्यांत आलें. तेथून पळून जातांना तो पकडला गेला व त्याला फटक्यांची शिक्षा झाली. पुढें पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो गुलामांच्या एका व्यापाऱ्याच्या पदरीं राहिला. तेथें त्याचे अन्नावांचून अतोनात हाल झाले. तेव्हां साखळदंडांत जखडलेले गुलामच आपल्या तुटपुंज्या अन्नांतील कांहीं भाग त्याला चोरून आणून देत.

स्वदेशीं परततांना, मार्च १७४८ मध्यें, त्याचें 'ग्रेहाउंड' जहाज उत्तर अटलांटिक महासागरांत भयंकर तुफानांत सांपडलें. जहाज फुटून पाणी आंत शिरूं लागलें. पंप मारतां मारतां, ज्या देवाची त्यानें आजवर थट्टा केली होती, त्याचीच तो करुणा भाकूं लागला. जहाज कसेंबसें किनाऱ्यास लागलें. पदरीं पुण्याचा लेश नसतां देवानें आपणांस वांचविलें, ही जाणीव त्याच्या अंतःकरणांत कायमची ठसली.

पापी मनुष्य तरला, आणि कथा संपली, असें वाचकांस वाटेल. परंतु न्यूटनची खरी कसोटी येथूनच सुरू झाली. त्यानें गुलामांचा व्यापार सोडला नाहीं. उलट १७५० ते १७५४ या काळांत कप्तान होऊन त्यानें त्या व्यापाराच्या तीन सफरी केल्या. रविवारीं तो खलाशांना जमवून उपासना चालवी, आणि त्याच वेळीं जहाजाच्या तळांत बेड्या घातलेलीं माणसें दाटीवाटीनें पडलेलीं असत. ज्यांच्या बांधवांनीं उपासमारींत आपल्या तोंडचा घास त्याला दिला, त्यांचाच तो विक्रय करीत होता.

तो ढोंगी नव्हता. बेड्या व कुलुपें सांभाळण्याचें काम त्याला कधीं कधीं नकोसें वाटे, व दुसरा एखादा सौम्य धंदा मिळावा अशी तो प्रार्थनाहि करी. पण आपण पाप करीत आहों, असें त्याला वाटलें नाहीं. कारण त्या काळीं इंग्लंडांत हा व्यापार कायदेशीर व प्रतिष्ठित समजला जाई. समाज ज्यांना दोष म्हणत होता, ते दोष त्याच्या भक्तीनें दूर केले; समाज ज्याला दोष म्हणत नव्हता, तिकडे तिची दृष्टि गेलीच नाहीं. १७५४ मध्यें त्यानें दर्या सोडला, तोहि पश्चात्तापामुळें नव्हे, तर आजारामुळें.

पुढें त्यानें लिव्हरपूल बंदरांत सरकारी नोकरी केली, व १७६४ मध्यें तो ओल्नी येथें धर्मोपदेशक झाला. कवि विल्यम कूपर याच्यासह त्यानें रचलेला गीतसंग्रह १७७९ मध्यें प्रसिद्ध झाला. वर सांगितलेलें गीत त्यांतीलच होय. अखेर १७८८ मध्यें, म्हणजे तुफानानंतर चाळीस वर्षांनीं, त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून आपला अपराध जाहीर रीतीनें कबूल केला. पार्लमेंटच्या समितीपुढें त्यानें साक्ष दिली. हा व्यापार बंद करण्यासाठीं झगडणाऱ्या विल्बरफोर्सचा तो वडिलकीचा सल्लागार होता. १८०७ मध्यें तो व्यापार बंद करणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं ता. २१ डिसेंबर रोजीं, दृष्टि जवळजवळ गेलेल्या अवस्थेंत, न्यूटननें देह ठेवला.

ईश्वर प्रेम करण्यापूर्वीं कांहीं अट घालतो काय? न्यूटनचें चरित्र सांगतें कीं, घालीत नाहीं. अट असती, तर त्या तुफानांत तो वांचण्यास पात्रच नव्हता. परंतु जें प्रेम अपात्राला विनाअट मिळालें, तें जहाजाच्या तळांतील बांधवांना नाकारण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारण्यास त्या सद्भक्ताला चाळीस वर्षें लागलीं, आणि तेवढ्या काळांत हजारों माणसें विकलीं गेलीं. ईश्वराच्या प्रेमाला अट नसते. अटी आपण घालतों, आणि त्या ईश्वरानेंच घातल्या, असें समजून समाधान मानतों. विद्यार्थिमित्रहो, आपला धर्म कोणताहि असो. आपली भक्ति जेव्हां आपल्याच जुन्या मतांना नुसता दुजोरा देऊं लागते, तेव्हां आपण कोणाला तळांत कोंडून प्रार्थना करीत आहों, हें एकदां खालीं वांकून पाहावें.