विसरण्यामागचं कारण शोधणारा डॉक्टर

शिरपूर जैनमध्ये एखादे आजोबा अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरातून घरी येताना वाट चुकले, तर आपण काय म्हणतो? साठी बुद्धी नाठी! विषय संपला. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतही लोक असंच म्हणायचे. एका डॉक्टरला मात्र ते पटलं नाही. त्याचं नाव अलोइस अल्झायमर.

१४ जून १८६४ रोजी बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट गावी तो जन्मला. डॉक्टर झाल्यावर १८८८ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात लागला. दिवसा रुग्णांशी गप्पा, रात्री मायक्रोस्कोप. जोडीला फ्रान्झ निस्ल हा दोस्त होता. मेंदूच्या पेशी रंगवून बघण्यात निस्ल पटाईत.

१९०१ हे साल अवघड गेलं. बायको वारली, पदरात तीन लहान मुलं. त्याच नोव्हेंबरात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला साध्या गोष्टी आठवेनात, स्वतःचं नावही धड लिहिता येईना. म्हातारपण म्हणावं, तर वय कुठे होतं? अल्झायमरने तिच्या नोंदी बारकाईने ठेवल्या. पुढे तो म्युनिकला गेला, तरी तिची खबर घेत राहिला.

एप्रिल १९०६ मध्ये ती गेली. तिचा मेंदू म्युनिकला आला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या पातळ कापांत त्याला दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेल्या गुठळ्या आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्याने हे मांडलं. कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही! पण १९१० मध्ये त्याचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्याचंच नाव दिलं.

१९ डिसेंबर १९१५ रोजी ब्रेस्लाऊ इथे अल्झायमर वारला. वय ५१, ऑगुस्टे दाखल झाली तेवढंच.

त्या गुठळ्या बीटा-अमायलॉइड या प्रथिनाच्या आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे कळायला १९८० चं दशक उजाडलं. पूर्ण बरं करणारं औषध आजही नाही. काही नवी औषधं सुरुवातीच्या टप्प्यात आजाराचा वेग थोडा कमी करतात, तेवढंच. म्हणूनच लवकर ओळखणं महत्त्वाचं.

तेव्हा घरातली आजी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारते, नेहमीची वाट विसरते, तर हसू नका, चिडूही नका. तिला डॉक्टरकडे घेऊन जा.