इव्हान पावलोव्ह

इव्हान पेत्रोविच पावलोव्ह (२६ सप्टेंबर, इ.स. १८४९ – २७ फेब्रुवारी, इ.स. १९३६) हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पचनग्रंथींचे कार्य आणि त्यांवरील तंत्रिका तंत्राचे नियंत्रण यांविषयीच्या संशोधनासाठी त्यांना इ.स. १९०४ चा वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक देण्यात आले. नोबेल मिळवणारे ते पहिले रशियन होत. त्यानंतरच्या काळात त्यांनी अभिसंधित प्रतिक्षेपाचा अभ्यास केला. या अभ्यासामुळे मानसशास्त्रातील अध्ययनाच्या विचाराला प्रायोगिक आधार मिळाला.

बालपण आणि शिक्षण

पावलोव्ह यांचा जन्म मध्य रशियातील र्‍याझान या गावी झाला. वडील पेत्र द्मित्रियेविच हे चर्चमध्ये धर्मगुरू होते. इव्हान हा त्यांचा थोरला मुलगा. लहानपणी उंचावरून फरशीवर पडल्यामुळे त्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचे शालेय शिक्षण वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत लांबले. घराण्याच्या परंपरेप्रमाणे त्याला र्‍याझानच्या धार्मिक शाळेत व पुढे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घालण्यात आले. तेथे असतानाच दिमित्री पिसारेव्ह यांचे निबंध आणि इव्हान सेचेनोव्ह यांचा मेंदूच्या प्रतिक्षेपी क्रियांवरील इ.स. १८६३ मधील ग्रंथ त्याच्या वाचनात आला. मनोव्यापारांचा अभ्यासही शरीरक्रियेच्या अंगाने करता येईल, हा सेचेनोव्ह यांचा विचार त्याच्या मनात रुजला.

धर्मशिक्षण अर्धवट सोडून पावलोव्ह इ.स. १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले. तेथे इल्या त्सिओन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी शस्त्रक्रियेचे कौशल्य मिळवले. डावरे असूनही ते दोन्ही हातांनी सफाईने शस्त्रक्रिया करीत. विद्यार्थिदशेतच स्वादुपिंडाच्या तंत्रिकांवरील संशोधनासाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. इ.स. १८७५ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि ते इ.स. १८७९ मध्ये पूर्ण केले. इ.स. १८८३ मध्ये हृदयाच्या तंत्रिकांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. इ.स. १८८४ ते १८८६ या काळात त्यांनी जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल लुडविग आणि ब्रेस्लाऊ येथे रुडोल्फ हायडेनहाइन यांच्या प्रयोगशाळांत काम केले.

इ.स. १८८१ मध्ये त्यांचा विवाह सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी झाला. सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षे ओढगस्तीची होती. स्वतंत्र बिऱ्हाड परवडत नसल्यामुळे काही काळ पावलोव्ह यांना आपले रसायनशास्त्रज्ञ भाऊ दिमित्री यांच्याकडे राहावे लागले. इ.स. १८९० मध्ये सैनिकी वैद्यकीय अकादमीत औषधशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाल्यावर ही अडचण दूर झाली. पुढील वर्षी ते प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या शरीरक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. हे पद त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ वर्षे, सांभाळले.

पचनसंस्थेवरील संशोधन

पचननलिका तोंडापासून सुरू होऊन घसा, अन्ननलिका, जठर, लहान आतडे आणि मोठे आतडे असा प्रवास करीत गुदद्वारापर्यंत जाते. लाळग्रंथी, यकृत व स्वादुपिंड यांचे रस तिच्यात ठिकठिकाणी येऊन मिसळतात. या रसांमुळे अन्नातील मोठे रेणू लहान होतात व आतड्यातून शोषले जातात. कोणत्या भागात कोणता रस असतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बऱ्याच अंशी माहीत झाले होते. परंतु रस नेमका केव्हा, किती आणि कोणाच्या आदेशाने स्रवतो, हे स्पष्ट नव्हते. त्या काळातील बहुतेक प्रयोग गुंगी दिलेल्या, नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्यांवर होत असत. वेदना, रक्तस्राव आणि गुंगीचे औषध यांमुळे पचनाची क्रियाच मंदावते. त्यामुळे त्यांतून निघणारे निष्कर्ष भरवशाचे नसत.

पावलोव्ह यांनी ही पद्धत बदलली. कुत्र्यावर निर्जंतुक परिस्थितीत शस्त्रक्रिया करून ग्रंथीच्या नलिकेचे तोंड त्वचेवर आणून शिवायचे, जखम पूर्ण भरू द्यायची आणि नंतर जाग्या, निरोगी प्राण्यावर महिनोन्‌महिने निरीक्षणे घ्यायची, अशी त्यांची रीत होती. प्रयोगशाळेत मोठ्या रुग्णालयासारखी शस्त्रक्रियागृहे व प्राण्यांच्या शुश्रूषेचे कक्ष होते.

इ.स. १८८९ मध्ये त्यांनी एकातेरिना शुमोवा-सिमानोव्हस्काया यांच्यासह आभासी भोजनाचा प्रयोग केला. कुत्र्याची अन्ननलिका मानेशी कापून तिची टोके त्वचेला जोडण्यात आली आणि जठराला एक नळी बसवण्यात आली. कुत्रा मांस खाई, पण गिळलेला घास मानेतून बाहेर पडे. जठरात अन्नाचा कणही पोहोचत नसताना काही मिनिटांतच तेथे शुद्ध जठररस भरपूर स्रवू लागे. मेंदूपासून निघून छातीतून जठरापर्यंत जाणारी व्हेगस ही तंत्रिका दोन्ही बाजूंना तोडल्यावर मात्र कुत्रा तितक्याच आवडीने खात असूनही जठर कोरडे राही. जठररसाचा पहिला आदेश अन्नाच्या स्पर्शातून नव्हे, तर मेंदूकडून तंत्रिकेमार्फत येतो, हे यावरून सिद्ध झाले. अशा रीतीने जमा केलेला जठररस अपचनावरील औषध म्हणून विकला जाई व त्याचे उत्पन्न प्रयोगशाळेला मिळे.

अन्न जठरात गेल्यावर काय घडते, हे पाहण्यासाठी जठराचा एक छोटा भाग वेगळा करून त्याची पिशवी बनवण्याची कल्पना हायडेनहाइन यांनी आधीच अंमलात आणली होती. परंतु त्या पिशवीकडे येणाऱ्या व्हेगसच्या शाखा कापल्या जात. पावलोव्ह यांनी तंत्रिका अबाधित ठेवून पिशवी तयार करण्याचे तंत्र शोधले. हे अतिशय अवघड होते आणि ते साधेपर्यंत अनेक कुत्री दगावली. ही पिशवी पावलोव्ह पिशवी या नावाने ओळखली जाते. तिच्यात अन्न शिरत नाही, पण मुख्य जठरात जे घडते त्याचे प्रतिबिंब उमटते. पाव, मांस आणि दूध यांना मिळणारा रस प्रमाण, तीव्रता व कालावधी या बाबतींत वेगवेगळा असतो, असे तिच्या साहाय्याने दिसून आले. स्वादुपिंडरसातील प्रथिन-पाचक घटक आतड्यातील एंटेरोकायनेज या द्रव्यामुळे क्रियाशील होतो, हा शोधही याच प्रयोगशाळेत लागला. मुख्य पचनग्रंथींवरील त्यांची व्याख्याने इ.स. १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

पचनाचे नियंत्रण मुख्यतः तंत्रिकांकडे आहे, असे पावलोव्ह मानत. इ.स. १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी या मताला धक्का दिला. आतड्याच्या सर्व तंत्रिका तोडल्यावरही त्यात आम्ल सोडले असता स्वादुपिंडरस स्रवतो, असे त्यांनी दाखवले. आतड्याच्या अस्तरातून रक्तात मिसळणारे सिक्रीटिन हे संप्रेरक त्याला कारणीभूत होते. पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आला, तो खरा ठरला आणि पावलोव्ह यांनी तो मान्य केला. आज जठररसाच्या स्रावाचे तीन टप्पे मानले जातात. अन्न दिसणे, त्याचा वास येणे व ते चघळणे यांमुळे सुरू होणारा पहिला टप्पा व्हेगसच्या अधीन असतो. जठर आणि आतडे यांच्याशी निगडित पुढील दोन टप्प्यांत तंत्रिका आणि संप्रेरके दोन्ही काम करतात. पहिल्या टप्प्याचे ज्ञान पावलोव्ह यांच्या प्रयोगांवर उभे आहे.

अभिसंधित प्रतिक्षेप

लाळेचा अभ्यास करताना एक वेगळीच अडचण समोर आली. तोंडात अन्न पडले की लाळ सुटते, ही जन्मजात प्रतिक्षेपी क्रिया आहे. परंतु अन्न आणणारा माणूस दिसला किंवा त्याच्या पावलांचा आवाज आला, तरीही सरावलेल्या कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटे. आरंभी याला मानसिक स्राव असे म्हटले जाई. कुत्र्याच्या मनात काय चालले असेल, याविषयी तर्क करण्याऐवजी लाळेचे थेंब मोजून मेंदूच्या कार्याचा वेध घ्यावा, असे पावलोव्ह यांनी ठरवले. इ.स. १९०३ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी ही दिशा जाहीरपणे मांडली.

प्रयोगाची मांडणी साधी होती. अन्नाच्या आधी तालमापकाची टिकटिक, दिव्याचा प्रकाश किंवा त्वचेला स्पर्श असे एखादे तटस्थ उद्दीपक द्यायचे. असे अनेकदा केल्यावर केवळ त्या उद्दीपकानेही लाळ सुटू लागते. मूळ रशियन शब्दाप्रमाणे हा प्रतिक्षेप काही अटींवर अवलंबून असतो. अन्न न देता उद्दीपक वारंवार दिल्यास तो क्षीण होऊन थांबतो आणि काही काळाने आपोआप परतही येतो. पावलोव्ह यांचे नाव लोकांच्या मनात घंटेशी जोडले गेले आहे. प्रत्यक्षात त्यांच्या प्रयोगशाळेत तालमापकासह अनेक प्रकारची उद्दीपके वापरली जात.

वर्तुळ दिसल्यावर अन्न मिळते आणि लंबवर्तुळ दिसल्यावर मिळत नाही, हे एका कुत्र्याला शिकवण्यात आले. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करण्यात आले. अक्षांचे प्रमाण ९:८ इतके जवळ आल्यावर कुत्र्याला फरक ओळखता येईना. आधी शांत असलेला हा प्राणी ओरडू लागला, उपकरणे चावू लागला आणि पूर्वी सहज जमणारा भेदही विसरला. याला प्रायोगिक मनोविकृती असे नाव देण्यात आले. इ.स. १९२४ च्या लेनिनग्राडमधील महापुरात पिंजऱ्यांत अडकलेली कुत्री मोठ्या कष्टाने वाचवण्यात आली. त्यानंतर काहींचे शिकलेले प्रतिक्षेप नाहीसे झाले होते. अशा अनुभवांवरून पावलोव्ह वयाच्या उत्तरार्धात मानसिक आजारांच्या अभ्यासाकडे वळले. मेंदूच्या बाह्यकात उत्तेजन आणि निरोध यांच्या लहरी पसरतात, असे त्यांनी सुचवले. ते लाळेवरून केलेले अनुमान होते आणि पुढील तंत्रिकाविज्ञानाने ते त्या स्वरूपात स्वीकारले नाही. मात्र अभिसंधानाचे मूळ निष्कर्ष टिकून राहिले.

क्रांतीनंतरचा काळ

इ.स. १९१७ च्या क्रांतीनंतर पावलोव्ह यांचे नोबेलचे पैसे बुडाले. यादवी युद्धाच्या काळात अन्न व सरपण यांची टंचाई पडली, प्रयोगशाळेतील अनेक कुत्री उपासमारीने मेली आणि वृद्ध पावलोव्ह स्वतः भाजीपाला पिकवू लागले. त्यांनी देश सोडण्याची परवानगी मागितली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ गमावणे सरकारला परवडणारे नव्हते. जानेवारी इ.स. १९२१ मध्ये लेनिन यांनी त्यांना व त्यांच्या संशोधनाला विशेष सवलती देणारा आदेश काढला. पुढे लेनिनग्राडजवळ कोल्तुशी येथे त्यांच्यासाठी मोठे संशोधन केंद्र उभारण्यात आले.

हा आश्रय स्वीकारूनही पावलोव्ह यांनी सरकारवरील टीका थांबवली नाही. धर्मगुरूंच्या मुलांना सैनिकी वैद्यकीय अकादमीतून काढून टाकण्यात आले, तेव्हा आपणही धर्मगुरूचाच मुलगा असल्याचे सांगून त्यांनी तेथील प्राध्यापकपद सोडले. ते स्वतः धार्मिक नव्हते. अटकसत्रे आणि दहशतीविरुद्ध त्यांनी सत्ताधाऱ्यांना पत्रे लिहिली. अखेरच्या वर्षांत त्यांचा सूर काहीसा मवाळ झाला. इ.स. १९३५ मध्ये लेनिनग्राड व मॉस्को येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाविज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. २७ फेब्रुवारी, इ.स. १९३६ रोजी न्यूमोनियाने वयाच्या ८६ व्या वर्षी लेनिनग्राड येथे त्यांचे निधन झाले.

प्रभाव आणि वारसा

अमेरिकेतील जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाच्या मांडणीत अभिसंधित प्रतिक्षेपाचा आधार घेतला. भीती व व्यसन यांवरील वर्तनोपचारांतही ही कल्पना वापरली जाते. सोव्हिएत संघात मात्र पावलोव्ह यांच्या नावाचा उपयोग मतभेद दडपण्यासाठीही झाला. इ.स. १९५० मध्ये मॉस्को येथे भरलेल्या विज्ञान अकादमींच्या संयुक्त अधिवेशनात त्यांची मते अधिकृत सिद्धान्त ठरवण्यात आली. त्यांचेच शिष्य लिऑन ओर्बेली यांच्यावर त्या मतांपासून ढळल्याचा ठपका ठेवून त्यांना पदांवरून दूर करण्यात आले. लंडनच्या प्रयोगासमोर आपले मत बदलणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावर हे घडले.

र्‍याझानमधील त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. सेंट पीटर्सबर्गमधील प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या आवारात प्रयोगांत वापरल्या गेलेल्या कुत्र्यांचे एक स्मारक आहे. पावलोव्ह हयात असतानाच, इ.स. १९३५ मध्ये, ते उभारण्यात आले.